सेल्फ अडकलाय तर हातोडा नंतर, आधी गाडी हलवा
भाऊ, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला की नुसतं टक् होतं न लाईट मंद होतात म्हणता, म्हणजे बेंडिक्सचा पिनियन (सेल्फच्या शाफ्टवर पुढे सरकणारं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमधे फसलाय बहुतेक. बॅटरीची वायर काढा, डिझेल बंद करायचा स्टॉप ओढून ठेवा, टॉप गियर टाकून चारपाच जणांनी गाडी मागेपुढे हलवा, खट्ट वाजलं की सुटला. माझी पारोळ्याच्या पुढे अशीच सुटली, भर मे महिन्यात, बोनेटला हात लावायची सोय नव्हती. पण नंतर सेल्फ खोलून शाफ्टचे आटे रॉकेलनं धुवाच, आमच्यात कापसाची धूळ न जुनं ग्रीस मिळून पार डिंक झाला होता. परत ग्रीस थापू नका, हलकं ऑइल बास. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबतं, तिथले रिंगचे दाते झिजले असतील तर परत फसणारच.