सिंधू रडते तेवढी ठेवायची आणि गीता कापायची?

सुरंगी:
काल एका गृहस्थांनी त्यांच्या गावच्या जत्रेतल्या 'एकच प्याला'चे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की सिंधूसारख्या बायका आता राहिल्या नाहीत म्हणून संसार मोडतात, स्त्रीवादी बायकांनी निदान सिंधूला तरी हात लावू नये. वाचून रात्रभर डोकं तापलं होतं म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे नाटक वाचा हो. गडकऱ्यांनी दारुड्या सुधाकराची सोसणारी बायको सिंधू एकटी नाही लिहिली. सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाची बायको गीता आहे, ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. सुधाकराची बहीण शरद आहे, बालविधवा, तिच्या पुनर्विवाहाचा वेगळा गुंता आहे. पण आमच्याकडे गोव्यात जत्रेची पालखी देवळात आत गेल्याशिवाय पडदा वर जात नाही, बारा तिथेच वाजतात, मग उजाडायच्या आत संपवायचं तर कात्री कुठे लागते? शरद जाते. गीता अर्धी जाते. आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे तळीरामाच्या दारुड्या टोळक्याचे, विनोद मात्र अख्खे राहतात, वर दोन नवीन घुसडतात. शेवटी उरते जात्यावर बसलेली सिंधू, आणि मग म्हणायचं बघा, आदर्श पतिव्रता.

माझे बाबा दोनदा सिंधू झाले होते. दुपारी मिशी उतरवायची, आईची नऊवारी नेसायची. साडी फाडायला आईने साफ नकार दिला म्हणून ठिगळ वरून कच्च्या टाक्यांनी टाचलेलं, ते मीच टाचलं होतं. जातं खरं होतं, आजीचं, मंचावर चढवायला तिघे लागले. मी पुढे चटईवर, बाजूला शेजारची काकी. तिचा नवरा हुर्राक, म्हणजे काजूची दारू, सुरू झाली की घरी सापडायचा नाही. दळणाच्या प्रवेशाला सगळ्या बायका पदर डोळ्याला लावून, काकी नुसती बघत होती. पण शेवटी फौजदार विचारतो आणि नवऱ्याच्या काठीने मरता मरता सिंधू सांगते की आपण पडलो, तिथे काकी उठली आणि चटई तशीच टाकून चालती झाली. आदल्या पावसात तिनेही डॉक्टरांना हेच सांगितलं होतं, विहिरीकडे पाय घसरला म्हणून.

तिने ते नाटक आम्हा सगळ्यांपेक्षा नीट वाचलं. याला स्त्रीवादी वाचन म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

पखवाजी:
ताई, तीस वर्षं उत्सवी नाटकांना साथ करतोय, अर्धं आयुष्य तालमीत गेलंय म्हणून बोलतो. १९१९ चं नाटक आहे ते. गडकरी जानेवारीत गेले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं, पदंसुद्धा गुर्जरांनी करून दिली. दारूने घर कसं बुडतं हा विषय आहे, बाईने कसं वागावं हा नाही. त्या काळच्या माणसाला आजच्या कोर्टात कशाला उभं करता? आणि प्रवेश कापतो म्हणून आम्हाला दोष देणं सोपं आहे. गीता करायला माणूस कुठे मिळतो? स्त्रीपार्ट करणारे म्हातारे झाले, गावच्या मुली तालमीला येत नाहीत, बाहेरून नटी आणायची तर वर्गणीचा अर्धा पैसा तिथेच जातो. वर्गणी मागायला दारोदार फिरून बघा एकदा.

सुरंगी:
दारूचाच विषय आहे, मान्य. पण दारू पितो कोण आणि काठी पडते कोणावर हेही त्याच नाटकात आहे ना. आणि मुली का येत नाहीत हे कधी विचारलंत का? मी नववीत असताना गेले होते. तालीम रात्री दहा ते दोन, घरी सोडायला कोणी नाही, आणि चौथ्या दिवशी आईला देवळात दोघींनी टोकलं. ज्या गोव्यात ज्योत्स्ना भोळे जन्मल्या आणि १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा'मध्ये उभ्या राहिल्या, त्या गोव्यात.

मळ्यातला:
तुम्ही सिंधूवर भांडा, इकडे गावात मराठी नाटक बघायला वीस टाळकी उरलीत. १९८७ च्या कायद्याने कोकणी गोव्याची राजभाषा झाली तेव्हापासून मराठीला सावत्रपणा चाललाय त्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. नाटकच राहिलं नाही तर वाचन कसलं करणार?

पखवाजी:
हे मात्र शंभर टक्के.

रातांबा:
त्यासाठी वेगळा धागा काढा ना दादा. मला काल वाचताना एकच सुचलं. सिंधू गोव्याची असती तर लग्नाच्या सह्या झाल्या त्या दिवशी निम्मी मालमत्ता तिची झाली असती. पोर्तुगीज नागरी कायदा १८६७ चा, म्हणजे गडकऱ्यांच्या जन्माआधीचा. सुधाकराला घर विकायला तिची सही लागली असती.

साळावली:
आणि सिंधूने सही केली असती. कागद पुढे ठेवला असता आणि तिने केली असती. मी सांगतो कारण मी तो कागद ठेवलाय.

वडील गेल्यावर आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. नोताराकडे, म्हणजे नोटरीकडे, हक्कसोडीचा दस्त केला, बहिणींसोबत भावोजींच्याही सह्या. थोरलीने वाचलासुद्धा नाही, मला काही नको म्हणाली. धाकटीने पेन हातात घेतलं, जरा थांबली, मग केली. गावात सगळे म्हणाले बहिणी असाव्या तर अशा. त्या जागेवर आता माझं घर आहे आणि धाकटी चौदा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. गणपतीला येते, मखराला हात लावते, रात्री थांबत नाही.

पखवाजी:
हे कुठून कुठे चाललंय? नाटकाचा धागा आहे. आणि बहिणींनी खुशीने सोडलं असेल तर त्यातही जुलूमच बघायचा का? माझ्या तिन्ही बहिणींनी आनंदाने सह्या केल्या, अजून भाऊबीजेला येतात, विचारा त्यांना.

रातांबा:
तुम्ही विचारलंत का? "तुला हवं का" असं, कागद पुढे ठेवायच्या आधी?

पखवाजी:
माझ्या घरात शिरू नका. वयाने लहान आहात म्हणून एकदा सोडतो.

रातांबा:
बहिणींचं तुम्हीच लिहिलंत काका. आमच्या मावशीलाही असंच सगळे आनंदाने सही केली म्हणायचे. कायद्याने हयात बापाच्या वारशावर पाणी सोडताच येत नाही, म्हणून तेराव्याची भांडी घासून होतात न होतात तोच नोताराची तारीख घेतात. कोणती बाई त्या आठवड्यात नाही म्हणेल? मृत्युपत्राने बाप फारतर निम्मी इस्टेट वाटेल तशी देऊ शकतो, उरलेली मुलामुलींची समसमान. एवढा चांगला कायदा आणि तो मोडायला नुसता चांगुलपणा पुरतो.

मळ्यातला:
आमच्याकडे उलटं झालंय. आत्याने इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली केस लावली, अकरा वर्षं चालली, घराची कौलं बसली, कोणाला काही मिळालं नाही. वाटा मागितला की असं होतं.

साळावली:
वाटा मागितला म्हणून नाही झालं, दिला नाही म्हणून झालं. वेळेवर दिला असता तर अकरा वर्षं कशाला लागली असती?

सुरंगी:
पखवाजीकाका, हे नाटकाबाहेरचं नाही. सिंधू माहेरची मदत नाकारते ना? बाप श्रीमंत, भाऊ द्यायला तयार, आणि ती लोकांचं दळण दळते. प्रेक्षागृहात त्यालाच सगळ्यात जास्त हुंदके येतात. साळावलींच्या बहिणीचं "मला काही नको" तिथूनच आलंय. चांगली बाई म्हणजे काही न मागणारी, हे आपण जत्रेत बसून शिकलोय, आणि ते सांगणाऱ्या सिंधूला आवाज कोणाचा, तर बालगंधर्वांचा, म्हणजे एवढा गोड की दुखतंय हे कळतच नाही. मी स्वतः ती पदं ऐकून रडते, आजही. म्हणून तर चीड येते.

पखवाजी:
बालगंधर्वांवर घसरू नका.

सुरंगी:
घसरत नाहीये. बाबांनी त्यांच्याच रेकॉर्डी ऐकून सिंधू बसवली होती. शेवटच्या प्रयोगानंतर रंग पुसताना आईला म्हणाले, "ते 'पडले' म्हणताना माझ्या तोंडातून शब्दच निघेना." आई काही बोलली नाही, त्यांच्या कपाळावरचं कुंकू तेल लावून पुसत राहिली.

साळावली:
मी काल रात्री धाकटीला फोन लावला. अजून काही बोललो नाही, पोरांचं वगैरे विचारलं. दिवाळीनंतर परसाची मागची बाजू मोजून घेतो. बायकोचीही सही लागणार, ती हो म्हणालीय.

पखवाजी:
साळावलीकर, बरं केलंत. माझं बाकी मत आहे तेच आहे, काळ बघून वाचावं. पण काल जुनी वही काढली. आमच्या वहीत गीतेचे प्रवेश लाल पेन्सिलीने मारलेत, अक्षर माझ्याच काकांचं. वाचून बघितलं तर लांब नाहीत. शरदचं मी पदरचं काही बोलत नाही, ते जड आहे. गीता ठेवता येईल. मदिरा मंडळातले दोन विनोद काढावे लागतील, त्यावरून पोरं भांडतील ती वेगळीच. पण करणारं माणूस तुम्ही द्यायचं.

सुरंगी:
माझी भाची आहे, बारावीची, म्हार्दोळला राहते. तालीम संध्याकाळी सात ते नऊ ठेवा आणि घरी सोडायची जबाबदारी कमिटीची, हे आधी ठरवा. मग येईल.

पखवाजी:
सात वाजता तबलजी मिळत नाही. आठ.

सुरंगी:
आठ ते दहा. वहीच्या त्या पानांचे फोटो पाठवा.