परवानग्या घाऊक बदलताना ‘सीएचमॉड -आर’ वापरावे का?

मूळ धागा (लिनक्सकर): ‘सीएचमॉड’ ही लिनक्सवर फाइलींच्या परवानग्या बदलणारी आज्ञा; तिला ‘-आर’ जोडले, की ती फोल्डरच्या आतील सर्व फोल्डर व फाइलींना लागू होते. संकेतस्थळाच्या फोल्डरला सरसकट ७५५ (मालकाला सर्व परवानग्या, इतरांना वाचणे व एक्झिक्यूट) देऊन मोकळे होण्याची सवय अनेकांना असते. फोल्डरमध्ये शिरण्यासाठी एक्झिक्यूटची (फाइलीच्या बाबतीत, ती प्रोग्राम म्हणून चालवण्याची) परवानगी लागते, साध्या फाइलला ती लागत नाही. त्यामुळे ‘सीएचमॉड -आर ७५५’ने प्रत्येक छायाचित्रही एक्झिक्यूटेबल होते, आणि ते टाळण्यासाठी ६४४ (मालकाला वाचणे-लिहिणे, इतरांना फक्त वाचणे) द्यावे तर फोल्डरचीच दारे बंद होतात. म्हणून ‘फाइंड’ या शोधणाऱ्या आज्ञेने फोल्डर व फाइली वेगळ्या काढूनच अनुक्रमे ७५५ आणि ६४४ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अक्षरवादी: असहमत. दोष ‘-आर’चा नसून आकड्यांचा आहे. परवानग्या आकड्यांऐवजी अक्षरांनी लिहिण्याच्या पद्धतीत एक्स म्हणजे एक्झिक्यूट; तिथे कॅपिटल एक्स दिल्यास तो फोल्डरना आणि ज्या फाइलींवर आधीपासून एक्झिक्यूट आहे त्यांनाच लागू होतो. आपण फाइलींना सरसकट ६४४ दिले, की त्याच फोल्डरमधील बॅकअपची स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणून अडेल, त्याचे काय?

लिनक्सकर: पूर्वीच्या परवानग्या शाबूत असतील तरच हे खरे. निस्तरण्याची वेळ बहुधा कोणीतरी ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देऊन ठेवल्यावर येते, आणि तेव्हा आपला कॅपिटल एक्स प्रत्येक फाइलवरचा एक्झिक्यूट इमानेइतबारे जपून ठेवतो.

अक्षरवादी: एकाच आज्ञेत आधी ‘ए-एक्स’ (सर्वांचा एक्झिक्यूट काढा) आणि स्वल्पविरामानंतर ‘ए+कॅपिटल एक्स’ लिहावे, फोल्डरचा एक्झिक्यूट परत येतो, फाइलींचा जातो. मात्र या दोन वेगळ्या आज्ञा करू नयेत, कारण रूट (सर्वाधिकार असलेला प्रशासक) नसलेला वापरकर्ता पहिल्याच आज्ञेत स्वतःला दाराबाहेर कोंडून घेईल.

रूटवाला: दोघेही संकेतस्थळाच्या फोल्डरपुरतेच बोलत आहात. ‘/यूएसआर’ या प्रणालीच्या प्रोग्रामांच्या फोल्डरवर ‘-आर ७५५’ चालवल्यास, रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या ‘सुडो’चा सेटयूआयडी बिट (मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण) उडतो आणि दुरुस्तीसाठी लागणारे ‘सुडो’च निकामी होते. फाइली पुसणारी ग्नूची (लिनक्सवरील नेहमीच्या आज्ञांचा संच) ‘आरएम’ ही आज्ञा ‘/’ हे सर्वांत वरचे मूळ फोल्डर पुसायला आपणहून नकार देते. ‘सीएचमॉड’ मात्र ‘--प्रिझर्व्ह-रूट’ सांगितल्याशिवाय तसा नकार देत नाही, हे मला अनाकलनीय वाटते. आधी ‘गेटएफएसीएल -आर’ने जुन्या परवानग्यांची नोंद फाइलमध्ये घ्यावी, म्हणजे ‘सेटएफएसीएल --रिस्टोअर’ने त्या परत आणता येतात. ही नोंद नसेल, तर तुमच्या वादात कोणाची सरशी होते याने फारसा फरक पडत नाही.

लिनक्सकर: नोंदीचा मुद्दा बिनशर्त मान्य. तरीही नवख्याच्या हाती मी ‘फाइंड’च देईन, कारण ‘-एक्झेक’ (सापडलेल्यावर आज्ञा चालवा) ऐवजी ‘-प्रिंट’ (फक्त नावे दाखवा) लिहून कशाकशाला हात लागणार याची यादी आधी डोळ्यांखालून घालता येते. ‘सीएचमॉड -व्ही’ हे सारे सांगते खरे, पण बदल करून झाल्यावर.