निमंत्रण ‘मागे घेतलं’ की ‘रद्द केलं’?

सांजवात: ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या प्रास्ताविकातली पत्रं मराठीत आणतेय. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. भाषण आधी वाचायला मिळालं तशी पाचावर धारण बसली. ‘वेद’ शब्द तरी गाळा म्हणाले. उत्तर गेलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. ‘मंडळाने निमंत्रण मागे घेतले’ असं लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल रेघ मारली. का?

रिकामटेकडा: बाईंचं बरोबर आहे. ‘येऊ नका’ असं मंडळानं लिहिलंच नाही. शीर्षकपान बघा: स्वागत समितीनं परिषद रद्द केल्यामुळे न झालेलं भाषण. लग्नच मोडलं, पाहुण्याला वेगळं काय कळवायचं?

घाटावरचा: आणि २७ एप्रिलच्या पत्राचं काय? आता भाषण जसंच्या तसं घेतलंत तरी मी अध्यक्ष होणार नाही, असं त्यांनीच कळवलंय. म्हणजे ‘अध्यक्षपद नाकारले’.

रिकामटेकडा: अहो, ते नंतर! आधी हात कुणी आखडला?

अनुस्वार: मुळात ‘निमंत्रण’ तरी बरोबर आहे का? पाणिनीच्या ‘विधिनिमंत्रणामंत्रण...’ सूत्रावर भाष्यकार सांगतात, निमंत्रणाला जावंच लागतं, आमंत्रणाला जाणं आपल्या मर्जीवर. बाबासाहेब आधी नकोच म्हणत होते. म्हणून ‘आमंत्रण’. आणि ‘रद्द’ अरबी आहे, ‘निरस्त’ लिहा.

घाटावरचा: ‘निरस्त’ हिंदी सरकारी परिपत्रकातलं. ‘रद्द’ आमच्या आजीलाही कळायचं. लग्नपत्रिकेवर ‘आग्रहाचं निमंत्रण’ असतं, म्हणून न गेलं तर पाप लागतं का?

अनुस्वार: आजीला कळतं म्हणून शुद्ध ठरत नाही.

वांगीभात: आमच्याकडे दोन्ही नाहीत, ‘आवतण’. ते ‘आमंत्रण’चंच झालं असणार, पैज लावते. सवाष्णीला आवतण देऊन मग ‘राहू द्या’ म्हटलं तर सात पिढ्या बोलणं बंद. त्याला शब्द नाही, कारण तसं कुणी करत नाही.

रिकामटेकडा: करतात की! २०१९ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन नयनतारा सहगल करणार होत्या. संमेलन झालं, त्यांना मात्र येऊ नका कळवलं. याला म्हणतात निमंत्रण मागे घेणं. लाहोरला संमेलनच नाही.

सांजवात: हां, हा फरक पटला. पण मग ‘परिषद रद्द केली’ एवढंच लिहिलं तर मंडळ फार स्वस्तात सुटतं. तळटीप देऊ?

घाटावरचा: तळटीप कोण वाचतं!

वांगीभात: स्वस्तावरून आठवलं. पुस्तिका आठ आण्यांना होती. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये परीक्षण लिहिताना किंमत दोन आणे, निदान चार आणे करा असं सुचवलं होतं.

अनुस्वार: ‘आणे’ की ‘आणा’? चार आणा असंच ऐकलंय.

घाटावरचा: चार आणे. ‘आणा’ म्हणजे बाजारातून.