दोन रुपयांचं नाणं लोहचुंबकाला चिकटतंय, जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा (जि. बेळगाव). वडिलांच्या किराणा दुकानातल्या जुन्या चिल्लरीत एक नाणं सापडलंय. दोन रुपयांचं, नकाशा आणि ‘राष्ट्रीय एकता’वालं, साल १९९८, मुंबई टांकसाळीची हिऱ्याची खूण.

१९९२ ते २००४ मधली ही नाणी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, ६ ग्रॅमची, २६ मिमीची, अकरा कोनी. लोहचुंबकाला ती दाद देत नाहीत. हे मात्र टक्कन चिकटतं. कोन नीट उठलेले नाहीत, जवळजवळ गोलच दिसतं, आणि ‘एकता’मधल्या शेवटच्या अक्षरांचे माथे कडेवरून गेलेत.

आमच्या ओळखीच्या सराफकाकांनी आपुलकीने वेळ दिला. काट्यावर वजन भरलं ४.८४ ग्रॅम. दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं तेव्हा ०.६३ ग्रॅमने कमी. म्हणजे घनता ७.७ च्या आसपास, स्टीलइतकी. तांबं-निकेलची ८.९ यायला हवी होती.

त्याच काळातला स्टीलचा एक रुपया २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचा. म्हणून माझी अटकळ अशी, की रुपयाची कोरी चकती दोन रुपयांच्या ठशाखाली गेली. भिंगातून खाली रुपयाच्या छाप्याचा मागमूस दिसत नाही, त्यामुळे तयार नाण्यावर पुन्हा ठसा मारलेला वाटत नाही.

तरी घाई करायची नाही, असं नाणं बनावटही असू शकतं. अमेरिकेत १९४३ साली युद्धासाठी तांबं वाचवायला सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचे काढले, पण उरलेल्या काही तांब्याच्या चकत्यांवरही छाप पडला. ती नाणी इतकी मोलाची, की लोकांनी स्टीलच्या सेंटवर तांब्याचा मुलामा चढवला, १९४८ मधला ८ घासून ३ केला. मुलाम्याचं बिंग लोहचुंबक लगेच फोडतो; खऱ्याचं वजन ३.११ ग्रॅम, स्टीलच्याचं २.७.

मला विचारायचंय ते हे: नाणं साच्यात ओतून केलेलं नाही, टांकसाळीतच पाडलंय, हे कडेवरून कसं ओळखायचं? छाप मारताना चकतीला धरून ठेवणाऱ्या अकरा कोनी कड्यात लहान चकती पडली तर कोन असेच अर्धवट उठतात का? कुणाकडे असं नाणं असेल तर कडेचा फोटो टाका ना, शेजारी ठेवून बघता येईल. बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत नाणं हातात घेऊन खात्रीने सांगणारं कुणी असेल तर तेही कळवा. व्हिडिओतल्या ‘लाखो रुपये मिळतील’वाल्यांकडे मला जायचं नाही. विकायचंही नाही. नाणं धुतलेलं किंवा घासलेलं नाही, कागदाच्या पाकिटात ठेवलंय.