घाबरणाऱ्या मैत्रिणीला हॉरर एस्केप रूममध्ये नेलं, आता ग्रुपमध्ये अबोला. चूक कोणाची?

सहावा_भिडू
मंडळी, निवाडा करा. गेल्या शनिवारी आम्ही कॉलेजचे सहाजण पुण्यात एका हॉरर एस्केप रूमला गेलो (बंद खोलीत कोडी सोडवत, कुलपं उघडत वेळेत बाहेर पडायचा खेळ, वर भुताची भीती). साठ मिनिटं, माणशी अकराशे, थीम बंद पडलेलं इस्पितळ. ठरवतानाच एकीने (तिला इथे मनी म्हणू) सांगितलं होतं की कोडी असतील तर येते, अंधारात कोणी अंगावर येणार असेल तर मी बाहेर बसून चहा पिते. आमच्यातला एक म्हणाला, अगं काही नसतं, नुसते स्पीकर असतात. बुकिंग त्यानेच केलेलं आणि 'लाइव्ह ॲक्टर'चे वरचे पैसेही त्यानेच भरलेले, हे आम्हाला नंतर कळलं.

मोबाईल लॉकरमध्ये, फॉर्मवर सह्या (वाचला कोणीच नाही, मी पण नाही), डोळ्यांवर पट्ट्या, आणि आत नेऊन दोघादोघांना बेड्या घालून पलंगाला अडकवलं. पहिली वीस मिनिटं खरंच धमाल. भिंतीवर चार बंद घड्याळं होती, त्यांच्या वेळांवरून पहिलं कुलूप मनीनेच उघडलं, आम्ही बाकीचे नुसते उशा उलटसुलट करत होतो. मग बेड्या सुटल्या, कपाट उघडलं आणि आतून भूत झालेला तो ॲक्टर बाहेर आला. मनी किंचाळली, आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी तो पलंगाखालून आला आणि त्याने तिचा पाय धरला. ती कोपऱ्यात बसली ती उठेचना, हात थरथरतायत, श्वास लागलाय, आणि बोलायला गेली तर आवाज फुटेना. मी दाराजवळचं लाल बटण दाबलं. एक्केचाळिसावं मिनिट होतं. दिवे लागले, खेळ खलास, पैसे परत नाहीत.

आता दोघांचं म्हणणं की दोनच कुलपं राहिली होती, भूत दोन मिनिटांत गेलं असतं, मी उगाच हिरोगिरी केली. मला वाटतं तिला फसवून नेलं आणि बटण त्यासाठीच असतं. तुमचं काय?

तिखटमीठ
बटण दाबलंस ते ठीक, पण 'फसवून नेलं' वगैरे जरा जास्त होतंय राव. हॉरर रूमला जाऊन भूत नको म्हणणं म्हणजे मिसळ मागवून तर्री नको म्हणणं. दारावर रक्ताळलेले हात रंगवलेले असतात, आतून किंचाळ्या ऐकू येतात, एवढं बघून आत गेलं की तक्रार कशाची? मी पहिल्या रूममध्ये रडले होते, अगदी भोकाड पसरून, मित्रांनी अजून चिडवायचं सोडलेलं नाही. आज माझ्या अकरा रूम झाल्यात. त्या दिवशी मला कोणी ढकललं नसतं तर मी कधीच गेले नसते.

पेठेतली_खिडकी
तर्री नको म्हटलं की आमच्याकडचा मिसळवाला तर्री वेगळ्या वाटीत देतो. तर्री नाहीये असं सांगून घशात ओतत नाही.

तिखटमीठ
@पेठेतली_खिडकी हे छान बोललात, पण मित्र म्हणजे मिसळवाला नव्हे. मित्र थोडं खोटं बोलूनच नेतात सगळीकडे. "अर्धा तासच चढायचंय" हे ऐकून मी राजगड चढलेय.

पेठेतली_खिडकी
राजगडावर अर्ध्यात बसता येतं. पलंगाला बांधून कोणी चढवत नाही.

मालवणचो_गजाली
माका ह्या वाचून हसू येता. मेल्यांनो, भूत बघूक अकराशे रुपये कित्याक व्हये? आमच्या आजोळी मे महिन्यात लाईट गेली की पडवीत सगळी पोरं एका ओळीत, आणि आजी सुरू करायची. पिंपळावरचा मुंजा, पाणंदीतून रात्री काठी आपटत जाणारा देवचार, कोणी हाक मारली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही. मग लघवीला मागच्या परड्यात जायचं तर चुलतभाऊ केळीमागे लपलेला. आम्हाला कोणी फॉर्म भरून घेतला नाही आणि लाल बटण पण नव्हतं. काही झालं नाही कोणाला. आताची पोरं जरा जास्तच जपली गेलीत, मी तर म्हणतो त्या मुलीला अजून दोन मिनिटं दिली असती तर ती स्वतःच उठून हसली असती.

निळी_शाई
@मालवणचो_गजाली काका, कोणाला काही झालं नाही हे तुम्ही सांगताय. मी पण कोकणातलीच, मला पण केळीमागून घाबरवलंय, आणि मी बारावीपर्यंत रात्री आईला उठवून बाथरूमला जायचे. कोणाला बोलले नाही कारण हसले असते. शिवाय पडवीत भीती वाटली की आजीच्या मांडीत शिरता यायचं. इथे तिची मांडी म्हणजे ते पाचजण होते आणि ते हसत होते.

मालवणचो_गजाली
शेवटचो मुद्दो मान्य. बाकी नाय.

भूत_रिटायर्ड
मी बोलतो, कारण मी तो कपाटातला माणूस आहे. म्हणजे या रूममधला नाही, दुसऱ्या शहरात दीड वर्ष हे काम केलंय, आधी बाहेर स्क्रीनसमोर बसून क्लू द्यायचो, मग ॲक्टर सोडून गेला म्हणून मलाच गाऊन घातला.

आतल्या गोष्टी सांगतो. दर दुसऱ्या ग्रुपमधला एकजण आत जायच्या आधी हळूच येऊन सांगतो, "भाऊ, ती पिवळ्या कुर्त्यातली आहे ना, तिला जास्त घ्या." दरवेळी. आणि ती पिवळ्या कुर्त्यातली हमखास अशी असते की जी आधीपासूनच नको म्हणत असते. आम्हाला नियम होता की हात लावायचा नाही, कोणालाच, फक्त जवळ जायचं आणि थांबायचं. खरं सांगू का, हात न लावता जास्त घाबरवता येतं, तुम्ही दोन फुटांवर नुसते उभे राहून श्वास घेतला तरी पुरतं, पाय धरणं हे आळशी भुताचं काम. पण मालकाला रिव्ह्यूमध्ये "ॲक्टर एकदम डेंजर" हवं असतं म्हणून तो कानाडोळा करतो.

दुसरं म्हणजे खरी किंचाळी आणि मजेची किंचाळी आम्हाला बरोबर कळते. मजेत किंचाळणारा पळतो, दुसऱ्याला पुढे ढकलतो आणि हसतो. खरा घाबरलेला गप्प होतो. कोपऱ्यात बसून गप्प झालेला माणूस दिसला की मी मागे फिरायचो. त्या ॲक्टरने आणि स्क्रीनवर बसलेल्याने ते बघायला हवं होतं, कॅमेरे त्यासाठीच असतात. सहावा_भिडू, तू जे केलंस ते खरं त्यांचं काम होतं.

आणि भुताची बाजू पण कोणीतरी मांडा. मला दोनदा लाथ बसलीय, एकदा टॉर्च कपाळावर.

तीन_आकडी
माझी तक्रार वेगळीच आहे, मला हॉरर रूममध्ये कोड्यांचा सत्यानाश झालेला सहन होत नाही. मुळात ही कल्पना कॉम्प्युटरवरच्या 'खोलीतून बाहेर पडा' छाप गेम्सवरून आली, २००७ साली जपानमध्ये क्योटोत स्क्रॅप नावाच्या कंपनीने तो खेळ खऱ्या खोलीत आणला. डोकं लढवायचा खेळ! हॉरर आला की उजेड जातो, सहाजणांत एक टॉर्च, आणि टॉर्च हमखास त्याच्याकडे जो सगळ्यात मागे उभा असतो. मग कोडं कसलं, चाचपडत किल्ली शोधणं नुसतं. आम्ही गेल्या वेळी तीन आकडी कुलपाचे दोन आकडे कसेबसे काढले आणि भूत दाराशी उभं आहे म्हटल्यावर तिसरा काढायच्या भानगडीतच पडलो नाही, शून्य ते नऊ फिरवत गेलो, सातव्याला उघडलं. सगळे नाचले. मला मात्र परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं. मनीने घड्याळांचं कुलूप सोडवलं म्हणजे ग्रुपमधली खेळायला आलेली ती एकटीच होती, तिलाच बाहेर काढलंत.

कोल्हापूरचा_नाद
@तीन_आकडी भावा तू बुद्धिबळ खेळ की मग. आमी जातो ते वरडायलाच. आठवडाभर कंपनीत तोंड दाबून काम करायचं, शनिवारी पोटातनं वरडायला मिळतं आणि कोण काय म्हनत नाही, त्याला अकराशे म्हंजे कायच नाही. जत्रंतल्या भूतबंगल्यात बी आमी हेच करत होतो.

थंड_डोकं
भीतीत मजा असते का यावर डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या मंडळींनी एका भूतघरात प्रयोग केला होता, २०२० मध्ये छापून आला. ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं आणि बाहेर आल्यावर विचारलं किती भीती वाटली, किती मजा आली. फार कमी घाबरलेल्यांना कंटाळा आला, फार जास्त घाबरलेल्यांना त्रास झाला, मजा मधल्यांना आली. आता गंमत अशी की ही मधली जागा प्रत्येकाची वेगळी. तिखटमीठची मनीपेक्षा पार वरच्या मजल्यावर असणार. त्यामुळे "मी रडले आणि मला आवडलं" हा मनीच्या बाबतीत पुरावाच होत नाही.

तिखटमीठ
बरोबर, पण मग हाच अभ्यास माझ्याही बाजूने आहे ना! भीती कमी केली की आमच्यासारख्यांना कंटाळा येणार. एका माणसाच्या जागेवर अख्ख्या ग्रुपने यायचं का? पाचजणांनी पण पैसे भरले होते.

निळी_शाई
मग पाचजणांनीच जायचं होतं. ती बाहेर चहा प्यायला तयार होती की!

डच_पावसात
मी चार वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, इथे ऑफिसच्या टीमबरोबर एक हॉरर रूम केली. आत जायच्या आधी प्रत्येकाला वेगळं विचारलं, ग्रुपसमोर नाही, की तुला भूत जवळ आलेलं चालेल का. नको म्हणणाऱ्याला गळ्यात घालायला एक चमकणारी माळ दिली, भूत त्याला टाळून जाणार. आमच्या सहाजणांत तिघांनी माळ घेतली आणि त्यातला एक आमचा साडेसहा फुटी मॅनेजर होता. खेळ कुठेही कमी झाला नाही, उलट माळवाले शांतपणे कोडी सोडवत होते आणि आम्ही बाकीचे पळत होतो. एवढ्यावर भागतं खरं तर.

भूत_रिटायर्ड
@डच_पावसात हे मी मालकाला सुचवलं होतं. तो म्हणाला, मग सगळेच माळ घेतील आणि तुला बसवून पगार देऊ का?

जिना_कुठाय
तुम्ही सगळे भुतावर भांडताय आणि मी मघापासून त्या बेड्यांवर अडकलोय. बेडीत अडकवलं होतं तेव्हा आग लागली असती तर? पोलंडमध्ये कोशालिन नावाच्या गावात जानेवारी २०१९ मध्ये एका एस्केप रूमला आग लागली, वाढदिवसाला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आत गुदमरून गेल्या, बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यानंतर तिथल्या सरकारने देशभर रूम तपासल्या आणि कित्येक बंद केल्या. आपल्याकडे मुंबईच्या कमला मिलची आग आहे, २०१७, चौदा जण गेले. २०२४ च्या मे महिन्यातली राजकोटच्या गेम झोनची आग आहे. थर्माकोलच्या भिंती, काळे पडदे, धुराचं मशीन, आणि फॉर्मवर लिहिलेलं की काही झालं तर आम्ही जबाबदार नाही.

मी आता जाताना तीन गोष्टी विचारतो आणि पोरं मला म्हातारा म्हणतात. दार चुंबकाच्या कुलपाचं आहे का, म्हणजे वीज गेली की आपोआप उघडणारं? बेडी किल्लीशिवाय सुटते का? आणि लाल बटण कुठे आहे ते पट्टी बांधायच्या आधी दाखवा. एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर, बटण दाखवलं तर सस्पेन्स जातो. मी पण गेलो, घरी.

कोल्हापूरचा_नाद
@जिना_कुठाय ह्ये मातर खरं. आमी कदी बघितलंच नाही बटण कुठाय ते.

तिखटमीठ
हो, बेड्यांचं मलाही पटतंय. अकरा रूम झाल्या, एकदाही विचारलं नाही. पण मूळ मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे हां, ढकलल्याशिवाय काही माणसं पुढे जात नाहीत. फक्त ढकलणाऱ्याने शेजारी उभं राहावं, मागून हसू नये. माझा मित्र त्या वेळी माझा हात धरून होता, हे मी वर लिहायला विसरले.

पेठेतली_खिडकी
विसरलात ते महत्त्वाचं होतं.

सहावा_भिडू
वाचतोय सगळं. ताजी खबर. बुकिंगवाल्याला भूत_रिटायर्डची कमेंट पाठवली, पिवळ्या कुर्त्यावाली. अर्ध्या तासाने रिप्लाय आला, "तिचा कुर्ता हिरवा होता." म्हणजे सांगितलं होतं त्याने. मी तर नुसता अंधारात दगड मारला होता.

मनीला पण धागा दाखवला. ती म्हणते भुताचं काही नाही, तो चांगला होता बिचारा, दिवे लागल्यावर पहिलं पाणी त्यानेच आणून दिलं, मास्क काढून, जेमतेम विशीतला पोरगा. तिला डोक्यात बसलंय ते आमचं हसणं. आणि ती शेवटची दोन कुलपं. "त्या औषधाच्या बाटल्यांवर तारखा होत्या, तुम्ही कोणी बघितल्या का?" असं तिने काल रात्री साडेबाराला विचारलं.

आम्ही नव्हत्या बघितल्या.

तीन_आकडी
बाटल्या किती होत्या? लेबलं वेगवेगळ्या रंगांची होती का?