जपानमध्ये पायी फिरण्यापुरते जपानी: नेमके काय शिकावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मुलगा आणि सून टोकियोच्या एदोगावा विभागात, निशि-कासाइ येथे राहतात आणि येत्या ऑक्टोबरमध्ये मी काही आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहे. दोघेही सकाळीच कामावर जातात, त्यामुळे दिवसभर घरात बसून राहण्यापेक्षा जवळची बाग, भाजीचे दुकान आणि स्टेशन एवढे तरी आपल्या पायांनी हिंडून यावे, अशी इच्छा आहे. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे नवी भाषा म्हणून बिचकायला होत नाही. मात्र कांजी, म्हणजे चिनी वळणाची जपानी अक्षरे, गिरवत बसण्याची आता हौस उरलेली नाही. ‘एकि वा दोको देसु का’, म्हणजे स्टेशन कुठे आहे, हे वाक्य मी पाठ केले आहे, परंतु समोरच्याने घडाघडा उत्तर दिले तर त्यातले काय कळणार, ही खरी अडचण आहे. मुलगा म्हणतो, फोनवरचा नकाशा पुरे. रस्त्याने सारखे फोनमध्ये डोके घालून चालणे मला जमत नाही आणि आवडतही नाही. रस्ता विचारण्यासाठी, आणि त्याहूनही उत्तर समजण्यासाठी, नेमके काय शिकावे? उच्चार देवनागरीत कसे टिपून घ्यावेत, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

ओसाकावासी

काकू, आपण उत्तराचा मुद्दा काढलात हे फार बरे झाले, कारण बहुतेक पुस्तिका प्रश्न शिकवून थांबतात. रस्ता सांगताना जपानी माणूस जे शब्द वापरतो, ते मोजकेच असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. मिगि म्हणजे उजवीकडे, हिदारि म्हणजे डावीकडे, मास्सुगु म्हणजे सरळ, कादो म्हणजे कोपरा, शिंगोओ म्हणजे सिग्नल आणि हाशि म्हणजे पूल. यांच्या जोडीला त्सुकिआतारि हा शब्द अवश्य घ्यावा. रस्ता पुढे संपतो आणि डावे-उजवे फाटे फुटतात, त्या जागेला तसे म्हणतात. तेमाए म्हणजे अमुक ठिकाणाच्या अलीकडे आणि मुकोओ म्हणजे पलीकडे. हे दोन शब्द निसटले की माणूस हमखास एक चौक पुढे जातो.

सिग्नल मोजताना इचि, नि, सान ही नेहमीची मोजणी कामाला येत नाही. पहिला सिग्नल म्हणजे हितोत्सुमे नो शिंगोओ, दुसरा फुतात्सुमे आणि तिसरा मित्त्सुमे. वाक्याची बांधणी मात्र आपल्याला घरच्यासारखी वाटेल. ‘फुतात्सुमे नो शिंगोओ ओ मिगि नि मागात्ते कुदासाइ’ याचा अर्थ ‘दुसऱ्या सिग्नलला उजवीकडे वळा’, आणि शब्दांचा क्रमही अगदी तोच: क्रियापद शेवटी, प्रत्ययांचे काम करणारे शब्द नामानंतर, आणि ‘नो’ म्हणजे आपले चा-ची-चे. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला जे डोक्यात उलटे करून घ्यावे लागते, ते आपल्याला सरळच मिळते.

माझा मुख्य सल्ला असा की उत्तर ऐकून झाल्यावर नुसती मान हलवू नये, तर कळलेला शेवटचा तुकडा प्रश्नाच्या सुरात परत म्हणावा: ‘फुतात्सुमे, मिगि देसु ने?’ त्यातला ‘ने’ हा आपल्या ‘ना’सारखाच असतो. ऐकण्यात चूक झाली असेल तर समोरचा तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आणि बरोबर असेल तर ‘हाइ’ म्हणतो. सुरुवात नेहमी ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, असे म्हणून करावी, आणि बोलणे भरभर वाटले तर ‘युक्कुरि ओनेगाइशिमासु’, म्हणजे जरा सावकाश, असे म्हणावे.

दंततालव्य

उच्चारांविषयी लिहितो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असताना वर्गातल्या मराठी मुलांना एक सोय आयतीच मिळत असे, ती म्हणजे आपले दोन च. ‘चिमणी’तला च आणि ‘चूल’मधला च हे वेगळे उच्चार आपण लहानपणापासून विनासायास करतो, आणि जपानीतले चि व त्सु हे जवळपास तेच आहेत. भुयारी रेल्वेला चिकातेत्सु म्हणतात; त्यात पहिला च चिमणीचा आणि शेवटचा चुलीचा. तेव्हा आपल्या वहीत ‘त्सु’ असे लिहिले तरी वाचताना चूल आठवावी.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र काटेकोर लक्ष द्यावे. शिंगोओमधला शेवटचा ओ दोन मात्रांचा आहे, म्हणून ‘शिंगो’ न लिहिता ‘शिंगोओ’ लिहिणे इष्ट. मास्सुगुमधल्या जोडाक्षरावर आपण ‘रस्सा’ म्हणताना थांबतो तेवढेच थांबावे. ‘देसु’मधला शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे ते ‘देस्’ असेच कानावर पडेल.

पाटीवाचक

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही थोडा वेगळा विचार मांडतो. टोकियोमध्ये नुसता पत्ता दाखवून रस्ता विचारला, तर त्याच गल्लीत राहणारा माणूसही पुष्कळदा गोंधळतो, कारण तिथले पत्ते रस्त्यांवरून नसतातच. टोकियो महानगर शासनाचा पत्ता निशि-शिंजुकु 2-8-1 असा आहे. त्यातला 2 हा चोओमे, म्हणजे वस्तीचा भाग, 8 हा त्या भागातला ठोकळा, म्हणजे घरांचा एक गट, आणि 1 हा इमारतीचा क्रमांक. 1962 च्या कायद्याने ही पद्धत शहरोशहरी लागू होत गेली. बहुतेक लहान रस्त्यांना नावेच नसल्यामुळे लोक खुणांवरून रस्ता सांगतात, आणि त्या खुणांमध्ये पहिला मान कोंबिनीचा, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांचा असतो. म्हणून पत्ता न विचारता घराजवळची एखादी ठळक खूण विचारावी.

क्योतोची गोष्ट निराळी. तिथल्या जुन्या भागात रस्त्यांना नावे आहेत आणि पत्त्यातच चालण्याची दिशा असते. क्योतो महापालिकेचा पत्ता ‘तेरामाचि-दोओरि ओइके आगारु’ असा सुरू होतो, म्हणजे तेरामाचि रस्त्यावर, ओइके रस्त्यापासून उत्तरेकडे. आगारु म्हणजे उत्तरेला जाणे आणि सागारु म्हणजे दक्षिणेला. मुलाबरोबर तिकडे जाणे झाले तर याचा उपयोग होईल.

कांजी गिरवायची नसतील तर गिरवू नका, पण दिशांची चार आणि ‘देगुचि’, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, एवढी चित्रासारखी ओळखायला शिका. निशि-कासाइ स्टेशनला कितागुचि, म्हणजे उत्तरेचे दार, आणि मिनामिगुचि, म्हणजे दक्षिणेचे दार आहे. चुकीच्या दाराने बाहेर पडले की पुढचे सगळे डावे-उजवे उलटे होते. रस्त्याकडेच्या नकाशाफलकांवर ‘गेन्झाइचि’ म्हणजे आपण उभे आहोत ती जागा. यातले पुष्कळ फलक उत्तर दिशा वर ठेवून काढलेले नसतात. फलकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर जे समोर असते, ते त्यांच्यावर वरच्या बाजूला दाखवलेले असते. हे ठाऊक नसेल तर फलक पाहूनही माणूस उलट दिशेला जातो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चुलीचा च फार आवडला. आणखी दोन शंका आहेत. गुडघ्यांमुळे मला अंतराचा अंदाज आधी घ्यावा लागतो, तो कसा विचारावा? आणि वाटेत स्वच्छतागृहाची गरज पडली तर काय म्हणावे?

ओसाकावासी

‘आरुइते नानपुन देसु का’, म्हणजे चालत किती मिनिटे, असे विचारावे. उत्तरात गोफुन म्हणजे पाच, जुप्पुन म्हणजे दहा आणि जूगोफुन म्हणजे पंधरा मिनिटे. घरांच्या जाहिरातींत स्टेशनपासून चालत अमुक मिनिटे असे जे छापलेले असते, ते 80 मीटरला 1 मिनिट या नियमाने मोजलेले असते आणि त्यात चढ किंवा सिग्नलला थांबणे धरलेले नसते. आपण त्याची दीडपट धरून निघावे. जिने टाळायचे असतील तर ‘एरेबेएताआ वा दोको देसु का’ विचारावे. हा शब्द लिफ्टसाठी आहे.

कोंबिनीत पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृह वापरू देतात, परंतु आधी विचारण्याची रीत आहे: ‘तोइरे ओ ओकारि देकिमासु का’. बाहेर पडताना पाण्याची बाटली किंवा एखादा ओनिगिरि, म्हणजे भाताचा मुटका, विकत घेतला की दोन्ही बाजूंना संकोच राहत नाही.

पाटीवाचक

निशि-कासाइच्या उत्तरेला ग्योओसेन कोओएन ही बाग आहे आणि तिच्यात विनामूल्य छोटे प्राणिसंग्रहालय आहे. कोओएन म्हणजे बाग. पहिल्या दिवशी मुलाबरोबर जाऊन यावे आणि नंतर तोच रस्ता एकटीने, विचारत विचारत करावा. अगदीच वाट चुकली तर कोओबान, म्हणजे पोलीस चौकी, शोधावी. रस्ता सांगणे हे तिथल्या पोलिसांचे रोजचेच काम असते. ‘मिचि नि मायोइमाशिता’, म्हणजे मी वाट चुकले, एवढे म्हणून घराचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेला कागद पुढे करावा. तो कागद सुनेकडून आधीच लिहून घ्या.

जिथे पदपथ नसेल तिथे पादचाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, असा तिथला नियम आहे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे ती समोरून येताना दिसतात. काही सिग्नलना खांबावरची कळ दाबावी लागते. ती दाबल्याशिवाय पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागत नाही.

दंततालव्य

एक शब्द राहून गेला, तो ‘मिचिनारि नि’. मास्सुगु म्हटले की सरळ, पण रस्ता स्वतःच वळत गेला तरी फाटा न घेता त्याच रस्त्याने जात राहा, असे सांगायचे असेल तेव्हा हा शब्द येतो. निवासी भागातल्या गल्ल्यांमध्ये तो सारखा ऐकू येईल. वहीत मास्सुगुच्या शेजारीच लिहून ठेवा.