ब्लूइंगचे की स्टेनलेसचे? पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरची निगा

प्रश्न (रत्नागिरीतील परवानाधारक) :
वडिलांच्या पश्चात .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्यानिशी माझ्या नावावर झाले आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीत बनलेल्या या हत्याराला निळसर-काळे ब्लूइंग आहे. आचारसंहितेच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले रिव्हॉल्व्हर परत मिळाल्यावर मी ते चामडी म्यानात घालून कपाटात ठेवले आणि श्रावणात बाहेर काढले, तेव्हा नळीच्या तोंडाशी व सिलिंडरच्या (काडतुसे बसणाऱ्या फिरत्या भागाच्या) खाचांत तांबूस ठिपके दिसले. ब्लूइंगला धक्का न लावता हा गंज काढता येईल का? मित्र स्टेनलेस घ्यायला सुचवतात, त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर (निवृत्त आर्मरर, पुणे) :
प्रथम सिलिंडर रिकामे असल्याची दोनदा खात्री करा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा.

ब्लूइंग हा रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये रूपांतर करून तयार केलेला तो अत्यंत पातळ थर असतो आणि त्याचे खरे सामर्थ्य तो धरून ठेवत असलेल्या तेलात असते. तेल सुकले की संरक्षण फारसे उरत नाही. ठिपक्यांवर तेल घालून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी अतिशय बारीक, ‘०००० नंबर’च्या स्टील वूलने (बारीक पोलादी तंतूंच्या बोळ्याने) तेलासह हलक्या हाताने पुसा. व्हिनेगर किंवा बाजारातील आम्लयुक्त गंजनाशक मात्र लावू नका, कारण ते गंजाबरोबर ब्लूइंगही विरघळवते.

तुमचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचे, पुढे मोडून उघडणारे असल्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते. ही मोठी सोय आहे. सिलिंडर बाजूला झुकणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये चौकट आड येते, सळई तोंडाकडून घालावी लागते आणि तेथील कड झिजली तर नेमकेपणा जातो.

चामडी म्यानात हत्यार कायमचे ठेवणे ही माझ्या मते खरी चूक आहे. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असतात.

उत्तर (ह्यूस्टन, टेक्सास) :
आमच्याकडील दमट हवा कोकणची आठवण करून देते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १९६५ मध्ये ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर आणले, ते अंगाजवळ बाळगताना घामाने गंजू नये या गरजेला उत्तर म्हणून लोकप्रिय झाले. स्टेनलेसमधील क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरते आणि ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा तयार होतो. तरीही खारट घाम साचून राहिला तर त्यावर खड्डे पडतात, आणि आतील स्प्रिंग बहुधा साध्या पोलादाच्याच असतात. सिलिंडरच्या तोंडावरील काजळीची वर्तुळे काढणारे खरखरीत कापड स्टेनलेसवर चालते, पण तेच ब्लूइंगवर वापरले तर पांढरे पोलाद उघडे पडते. स्टेनलेसवर साधे स्टील वूल वापरू नये, कारण त्याचे लोहकण अडकून स्वतःच गंजतात. नायलॉन किंवा पितळी ब्रश घ्यावा.

प्रश्नकर्ता :
आपणा दोघांचे आभार. सुचवल्याप्रमाणे ठिपके गेले आणि ब्लूइंग शाबूत आहे. मुठीच्या पट्ट्या काढल्या, तेव्हा बाहेरून न दिसणारा गंज तेथेही निघाला.

उत्तर (निवृत्त आर्मरर, पुणे) :
तेथे तेलाचा पातळ हात द्या, लाकडाला मात्र तेल मुरू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या कुलूपबंद पेटीत हत्यार ठेवा आणि दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी पुसत राहा. स्टेनलेस घेतले तरी कोकणात हा नेम महिन्याभरापेक्षा सैल करू नये.